लग्नाच्या फोटोमागचे स्टेशन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाचोरा-जामनेर नॅरोगेज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होऊन तो पुढे बोदवडपर्यंत नेला जाणार, यासंबंधीच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात आणि आम्ही त्या कापून एका वहीत चिकटवून ठेवतो. मोठी गाडी यावी ही त्या भागातील लोकांची फार जुनी मागणी आहे आणि तिच्या आड येण्याची आमची मुळीच इच्छा नाही. मात्र नव्या रुळांसाठी जुन्या इमारती, पाण्याच्या टाक्या आणि लहान पूल हलवले जाण्यापूर्वी त्यांची मापे आणि छायाचित्रे जपली जावीत, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यासाठी आपल्या वाचकांना एक विनंती करायची आहे. त्यांच्या घरातील लग्नाचे जुने अल्बम आम्हाला पाहायचे आहेत. ही विनंती चमत्कारिक वाटेल, म्हणून आम्ही कोण आणि हे का मागत आहोत ते सविस्तर लिहितो.

आम्ही भुसावळ आणि जळगाव परिसरातील पाच माणसे मॉडेल रेल्वे तयार करतो. मी जामनेर तालुक्यातील एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. आबा याच नॅरोगेज गाडीवर अनेक वर्षे गार्ड होते. (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आबांना गार्ड हाच शब्द आवडतो.) नानांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. ताई जळगावला शिवणकामाचे वर्ग चालवतात आणि त्यांचे बालपण पहूरला गेले. पाचवा आमचा आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा, ज्याला आम्ही सगळेच बाळा म्हणतो. वयात, शिक्षणात आणि मिळकतीत इतके अंतर असलेली ही पाच माणसे एरवी एका पंगतीला बसण्याचे काहीही कारण नव्हते. पुण्यात कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहून आल्यावर मी घरी जेवणाच्या टेबलावर रुळांचे एक कडे मांडले, तेव्हा पंख्याची मोटर द्यायला आलेले नाना ते पाहून तासभर थांबले, आणि तेथून हे सुरू झाले.

मॉडेल रेल्वे म्हणजे लहान मुलांचे खेळणे, असा समज सर्वत्र आहे आणि आमच्या घरांतूनही तो होता. या कामाचे सगळे शास्त्र प्रमाणात आहे. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ या मापात खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान करतात. पाच फुटांचा माणूस त्यात पावणेदोन सेंटिमीटरचा होतो आणि चेन्नईच्या कारखान्यात बनणाऱ्या आपल्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी साडेचोवीस सेंटिमीटर भरते. या मापासाठी बाजारात तयार मिळणाऱ्या रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते, कारण युरोप-अमेरिकेतील रुळांमध्ये १४३५ मिलिमीटर अंतर असते आणि त्याला सत्त्याऐंशीने भागले की हाच आकडा येतो. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे. त्याचा भागाकार एकोणीस मिलिमीटरच्या वर जातो, त्यामुळे तयार रुळांवर भारतीय डबा ठेवला की त्याच्या खालचे रुळ अंग चोरून उभे राहिल्यासारखे दिसतात. भारतात हा छंद करणाऱ्या प्रत्येकाला ही तडजोड करावी लागते किंवा रुळ स्वतः हाताने बसवावे लागतात.

आमच्या पीजेचे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीचे, गणित मात्र वेगळे निघाले. तिचे रुळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे. त्याला सत्त्याऐंशीने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि एन नावाच्या आणखी लहान मापाचे नऊ मिलिमीटरचे रुळ जगभर तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. एन मापाच्या इंजिनाचा चाकांसह खालचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून आपल्या गाडीचा मोठ्या मापातला देह चढवायचा, ही पद्धत परदेशातील नॅरोगेजप्रेमी अनेक वर्षे वापरत आले आहेत. राजधानी आणि वंदे भारतचे चित्र पाहत या छंदात आलेल्या बाळाला हा हिशेब मी फळ्यावर करून दाखवला, तेव्हा मुंबई-नागपूरच्या मोठ्या गाड्यांपेक्षा आपल्या शेजारची लहान गाडी अधिक खरी करता येते हे पाहून तो बराच वेळ गप्प बसला होता. पीजे करायची, हे त्या दिवशी ठरले.

खरा मार्ग सुमारे छप्पन्न किलोमीटरचा आहे. तो प्रमाणात जसाच्या तसा उतरवायचा तर सव्वासहाशे मीटरहून अधिक लांबीचे रुळ लागतील, आणि तेवढी सरळ जागा आमच्या ओळखीच्या कोणाकडेही नाही. म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवावे लागते, आणि मैत्रीची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. आबांना प्रत्येक फाटक हवे होते. ताईंना केळीच्या बागा आणि कपाशीची शेते हवी होती. नानांना पाचोऱ्याच्या स्टेशनात गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे गुंतागुंतीचे सांधे हवे होते. दोन महिने आम्ही कागदावरच भांडत राहिलो.

तो प्रश्न शेवटी टाळेबंदीने सोडवला, हे लिहिताना आजही जड वाटते. मार्च २०२० मध्ये पीजे थांबली ती पुन्हा धावली नाही, आणि त्याच आठवड्यात आमचे एकत्र बसणेही थांबले. तेव्हा आम्ही फोनवर असे ठरवले की प्रत्येकाने आपल्या घरी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी एक फळी करायची आणि तिच्यावर आपल्याला हवे ते स्टेशन उभारायचे. बंधन एवढेच की दोन्ही टोकांना फळीची जमिनीपासूनची उंची, रुळ बाहेर पडण्याची जागा, बोल्टची छिद्रे आणि विजेच्या जोडणीचे प्लग सर्वांचे सारखेच असले पाहिजेत. जगभरातील क्लब याच रीतीने काम करतात. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने चाके, रुळ आणि जोड यांची मापे ठरवून दिली, त्यामुळे एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर धावू लागला. आमच्या पाच-सहा घरांचे मानकही त्याच जातीचे होते. नानांनी पाचोरा घेतले, बाळाने वरखेडी, मी शेंदुर्णी, ताईंनी पहूर आणि आबांनी जामनेर. वाघूर नदीवरचा पूल आमच्या सहाव्या मित्राकडे होता. ते साइनबोर्ड रंगवणारे पेंटर होते आणि तांदळाएवढ्या जागेत डब्याचा क्रमांक लिहिण्याची कला त्यांच्या हातात होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गेले. पुलाचे तीन गाळे त्यांनी रंगवले होते आणि उरलेले पांढरे राहिले. ते तसेच ठेवायचे, असे आबा म्हणाले आणि कोणी दुसरे मत दिले नाही.

त्या वर्षाच्या शेवटी आम्ही प्रथमच सहाही फळ्या आबांच्या ओसरीवर आणून जोडल्या. नानांच्या घरात तयार झालेल्या पाचोऱ्याहून निघालेले इंजिन बाळाच्या वरखेडीत शिरले, माझ्या शेंदुर्णीला थांबले आणि कोठेही न अडता आबांच्या जामनेरपर्यंत गेले. आबांनी खिशातून शिट्टी काढली होती, पण ती त्यांना वाजवता आली नाही. ताईंनी त्या दिवशी वांग्याचे भरीत आणि कळण्याच्या भाकऱ्या आणल्या होत्या. जेवायला उशीर झाला तो साडेतीन वाजेपर्यंत.

या कामात प्रत्येकाचा धंदा कसा उपयोगी पडतो, हे मला सगळ्यांत मोलाचे वाटते. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या फळीवरचे रुळ वाकडे झाले. जानेवारीच्या थंडीत मी ते एकमेकांना अगदी घट्ट भिडवून बसवले होते आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. एक मीटर लांबीचा धातूचा रुळ तीस अंशांच्या फरकाने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो, पण नऊ मिलिमीटरच्या गाडीला तेवढे पुरते. मी पुस्तकी गणित करत बसलो होतो, तेव्हा आबांनी येऊन पाहिले आणि खऱ्या रुळांच्या सांध्यांत गँगमन फट कशी राखत असत ते सांगितले. आता आम्ही सांध्यात जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवतो. ताई क्रेप कागद आणि बारीक तार यांची केळीची झाडे करतात. त्यांची पाने वाऱ्याने फाटलेली असतात, कारण न फाटलेल्या पानांची बाग आपल्या भागात कोणी पाहिलेली नाही. शेताची माती खरीच आहे. वाघूरकाठची काळी माती मलमलीतून चाळून पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरली की वाळताना तिला आपोआप भेगाही पडतात.

नाना आणि बाळा यांच्याविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. जुन्या पद्धतीत रुळांमध्ये बारा व्होल्टपर्यंतचा प्रवाह सोडतात आणि त्या रुळावर जे इंजिन असेल ते धावते. दोन इंजिने असली तर दोन्ही धावतात, म्हणून मार्गाचे विजेचे वेगवेगळे तुकडे पाडावे लागतात. नव्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, तिला स्वतःचा क्रमांक असतो आणि रुळांतून येणाऱ्या संदेशांपैकी आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढाच ती पाळते. चाळीस वर्षे तांब्याची तार गुंडाळलेले नाना आपल्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान असलेल्या मुलाकडून हे शिकले, आणि त्याच मुलाला त्यांनी चांगला झाळ कसा ओळखायचा ते शिकवले. फळीखाली उताणे पडून वायरिंग करणारे आणि फळीवर झाडे लावणारे असे दोन गट अशा मंडळींत सगळीकडेच पडतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ पासून असलेल्या रेल्वे क्लबमध्येही असेच गट होते आणि त्यातील वायरिंगवाल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पुढे संगणकांकडे वळले. बाळाचे पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण शनिवारी संध्याकाळी त्याची आई त्याला शोधायला नानांच्या दुकानातच येते.

आता अल्बमचा मुद्दा. पहूरच्या स्टेशनावर तिकीट खिडकीच्या कोणत्या बाजूला कडुनिंब होता, यावरून ताई आणि आबा यांच्यात वाद झाला. फलाटावरून इमारतीकडे तोंड केले तर झाड डावीकडे होते, असे ताईंचे म्हणणे होते, कारण लहानपणी त्याच्या लिंबोळ्या त्यांनी वेचल्या होत्या. आबांचे म्हणणे की ते उजवीकडे होते, कारण त्यांनी तेथे हजारो वेळा गाडीला झेंडा दाखवला होता. दोघेही आपल्या शब्दाला जपणारे असल्यामुळे तीन रविवार ते एकमेकांशी कामापुरतेच बोलले आणि आम्हा बाकीच्यांना ओसरीवर बसणे अवघड झाले. मी पहूर आणि परिसरात जुना फोटो विचारत फिरलो. टेप घेऊन स्टेशनाजवळ उभा राहिलो की वाटसरू थांबून "काय मोजून राह्यले गुरुजी?" असे विचारत आणि त्यातूनच एका घराचा पत्ता मिळाला. त्या घरातील आजींचे वऱ्हाड लग्नानंतर पीजेने परतले होते आणि गाडीची वाट पाहताना वधू-वरांचा फोटो तिकीट खिडकीलगतच्या भिंतीला टेकून काढलेला होता. झाड उजवीकडे दिसत होते. आबांना आनंद झाला, पण त्यांनी तो दाखवला नाही.

फोटो मोजण्याच्या कामी आला, कारण आजींनी पतीचा लग्नातला कोट ट्रंकेत जपून ठेवला होता. ताईंनी त्याची लांबी घेतली, ती एकोणतीस इंच भरली. फोटोत तोच कोट चार सेंटिमीटर दोन मिलिमीटर होता. वधू-वर भिंतीला चिकटून उभे असल्यामुळे मागेपुढे असण्याची चूक फारशी नव्हती. त्या प्रमाणाने तिकीट खिडकीची चौकट फलाटापासून एकशेपाच सेंटिमीटर उंचीवर निघाली आणि आमच्या फळीवर ती एक सेंटिमीटर दोन मिलिमीटरवर बसली. एवढ्यात ताई थबकल्या. हातातल्या कोटाची गुंड्यांची बाजू आणि फोटोतल्या कोटाची बाजू जुळत नव्हती. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि फोटोत ती उलटी होती. नवरदेवाचे घड्याळही उजव्या मनगटावर होते, आणि ते डावीकडेच बांधत असे आजींनी सांगितले. फोटो काढणाऱ्याने निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत छापली होती. झाड ताई म्हणत होत्या तेथेच होते.

आबा बराच वेळ तो फोटो पाहत राहिले. "माझ्या डोक्यातलाही असाच उलटा छापला गेला असेल," एवढेच ते म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी तुळशीच्या वाळक्या काड्यांचा कडुनिंब स्वतः करून आणला आणि तो खिडकीच्या डावीकडे लावला. त्याच्या खाली आता पावणेदोन सेंटिमीटरचे एक जोडपे उभे आहे. नातवाचा हात धरून आजी ओसरीवर आल्या होत्या. त्यांनी प्रथम त्या जोडप्याकडे पाहिले नाही. नळ कुठे आहे, असे त्यांनी विचारले, कारण त्या दिवशी त्यांना फार तहान लागली होती आणि नवी नवरी असल्यामुळे पाणी मागता आले नव्हते. नळ आमच्याकडून राहून गेला होता. तो त्यांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी बसवला आहे.

इमारती अजून जागेवर असतील तर त्या टेपने मोजता येतात. पण झाडे, नळ, बाकडी, रसवंती, फाटकावरची चौकी, बैलगाड्या उभ्या राहण्याची जागा, यांतले पुष्कळ आधीच गेलेले आहे आणि ते कुठल्याही कार्यालयीन नकाशात काढलेले नसते. ते घरगुती फोटोंच्या कडेला चुकून आलेले असते. पीजेने वऱ्हाडे गेली, बाळंतिणी माहेरी आल्या, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनाला माणसे गेली, मुले पाचोऱ्याला शिकायला गेली. त्या प्रसंगांचे फोटो कोणी स्टेशन दाखवण्यासाठी काढले नाहीत, म्हणूनच त्यांत स्टेशन जसे होते तसे सापडते. एक फोटो आम्हाला कसा फसवू शकतो ते वर लिहिलेच आहे, त्यामुळे एकाच जागेचे दोन-तीन फोटो निरनिराळ्या घरांतून मिळाले तर ते फारच चांगले.

रेल्वे प्रशासनालाही आमची विनंती आहे की काम त्या-त्या स्टेशनापर्यंत पोहोचण्यापूर्वी आम्हाला तेथे एक-एक दिवस मापे घेऊ द्यावीत. आम्ही सर्व मापांची एक प्रत त्यांना देऊ. सोबत माहितगार म्हणून आबा असतील.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे पाचोरा, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जामनेर किंवा मधल्या कोणत्याही ठिकाणचा फोटो असेल, त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयात तसे कळवावे. आम्ही स्वतः घरी येऊन मोबाइलवर त्याची नक्कल घेऊ, मूळ प्रत अल्बममधून बाहेरही काढणार नाही. कोणाचे लग्न, साधारण कोणते वर्ष आणि गाडी पाचोऱ्याकडे जाणारी होती की जामनेरकडे, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे. त्या दिवशीचा कोट, शालू किंवा फेटा अजून ट्रंकेत असेल तर तो टाकून देऊ नये. ताई तो मोजायला येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, भुसावळ